जहाजाची सावलीची बाजू

लग्नानंतर पहिल्यांदा हिमालयात गेलो, तेव्हा तो मी नवऱ्याला दिसूच दिला नाही. मुद्दाम नव्हे. मुद्दाम करायला थोडी अक्कल लागते, आणि माझी होती नव्हती ती सगळी तेव्हा लांबसडक वेणी घालण्यात खर्च व्हायची.

आम्ही पडलो नागपूरची माणसं. बसमध्ये चढायच्या आधी आम्ही वर आभाळाकडे पाहतो. ऊन कुठून येईल, बस कुठे वळेल याचा अंदाज घेतो आणि मग सावलीच्या बाजूच्या खिडकीतून रुमाल आत फेकतो. दुपारच्या काटोलच्या बसमध्ये उजवीकडे बसावं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मे महिन्यात खिशात कांदा ठेवून फिरणारे आम्ही! आमच्याकडे खिडकी ही बाहेर पाहायची वस्तू नसते, ऊन आत शिरायचं भोक असते.

हिमाचलात वर चढणाऱ्या बसमध्ये मी हीच विद्या पाजळली. सावलीची बाजू पटकावली. मी खिडकीशी, हे माझ्या शेजारी. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल असा कातळ, आणि कातळावर शेवाळ. पलीकडच्या बाजूचे लोक "अहाहा" करत होते. हे मान उंच करून तिकडे पाहायला लागले, तर मी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं.

"बसा ना गपचूप. तिकडे ऊन आहे."

मग एक वळण आलं आणि अख्खी पांढरीशुभ्र रांग आमच्या खिडकीत उभी राहिली. तिच्यासोबत ऊनही आलं. मी खटकन पडदा ओढला, त्यावर डोकं टेकवलं आणि झोपले. घोरलेही असेन. खाली उतरल्यावर बाकीचे शिखरांच्या गोष्टी करत होते. आम्हा दोघांना कोणी विचारलं असतं, तर शेवाळाबद्दल आम्ही पुष्कळ सांगू शकलो असतो.

हे काही बोलले नाहीत. नवीन लग्न होतं, माणूस घाबरतो. नंतरही कधी तो विषय निघाला नाही, आणि मी सोयीस्कर विसरले.

मागच्या वर्षी यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. सक्करदऱ्याच्या तलावापर्यंतचा फेरफटका फाटकापर्यंतच्या फेरफटक्यावर आला. तेव्हा एका संध्याकाळी टीव्हीवर हिमनदी दाखवत होते. बर्फाची मोठी भिंत धडाडून समुद्रात कोसळली आणि हे हळूच म्हणाले, "हे एकदा डोळ्यानं पाहायचं होतं गड्या."

जन्मभर साधी दुसऱ्यांदा भाजी न मागणारा माणूस. लेकीने ते ऐकलं आणि घरात अलास्काचं वारं शिरलं. पहाड चढणं होत नाही ना, मग जहाजातून खुर्चीत बसून पाहा, असं ठरलं. डेकवरच्या गर्दीत यांना उभं राहणं जमणार नव्हतं. दिसेल ते केबिनच्या बाल्कनीतूनच, आणि पुन्हा जाणं काही होणार नव्हतं.

मग जहाज कंपनी निवडायचा कार्यक्रम झाला. अगदी मुलगी पाहायचा असतो तसा. जावयांनी टीव्हीवर एकेकीला आणून उभं केलं. आम्ही सोफ्यावर पोहे खात नाकं मुरडत होतो.

पहिली धिप्पाड. अंगावर घसरगुंड्या, तलाव, नाचायच्या जागा. नात तिच्यावर जागच्या जागी भाळली. दुसरीकडे शाकाहारी भारतीय जेवण होतं, म्हणून ती लेकीला पसंत. तिसरी जराशी वयस्कर आणि बुटकी. करमणूक म्हणजे पियानो वाजवणारा एक गृहस्थ. पण आमच्या तारखांना या तिघींपैकी तिच्याच जहाजाला त्या अरुंद खाडीत, हिमनदीच्या पायाशी जायची परवानगी होती. बाकीच्या दोघी लांबूनच नमस्कार करून परतणार होत्या.

"हीच," मी म्हटलं.

"आजी, त्या जहाजावर सगळे म्हातारे राहतात!" नात ओरडली.

"मग मी काय कॉलेजात जाऊन राहिली वं?"

"आई, तिथं खाशीन काय तू? उकडलेले बटाटे?" लेक म्हणाली.

"चिवडा खाईन. तू करून देशीन ना?"

जावई समजुतीच्या सुरात म्हणाले, "आई, मोठ्या जहाजाचं कसं आहे, पोटातलं पाणी हलत नाही."

"जावईबापू, पोटातलं पाणी हलू नये म्हणून घरी बसता येते की. त्याला अलास्का कशाला?"

शेवटी सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे पोह्यातले शेंगदाणे वेचत होते. म्हणाले, "मले बर्फ दिसला म्हणजे झालं."

झालं. वयस्कर बाई आमच्या घरात आली. नातीने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी जहाजावर गरम पाण्याचं कुंड आहे हे कळल्यावर सोडला.

केबिन ठरवायला आम्ही ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याने जहाजाचा नकाशा पसरला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, यात सावलीची बाजू कोणती?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काकू, तिकडं लोक ऊन मांगतात."

"ते नागपूरचे नसतील."

शेजारी हे नुसते खाकरले. त्या खाकरण्याबरोबर मला ती बस आठवली. पडदा आठवला, शेवाळ आठवलं. एवढ्या वर्षांनी कान गरम झाले. मी म्हटलं, "सावली राहू द्या. पहाडाची बाजू द्या. ऊन आलं तर येऊ द्या मेलं."

"काकू, बर्फासमोर जहाज जागच्या जागी फिरवतात. दोन्ही बाजूले दिसते."

विकणारा माणूस आणखी काय सांगणार? माझा विश्वास बसला नाही. त्याने पहाडाची म्हणून दाखवली तीच बाजू मी घेतली.

हिमनदीच्या दिवशी यांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. डोक्याला माकडटोपी, अंगावर दोन ब्लँकेटं. लेक, जावई, नात वर डेकवर गेले. आमच्यासमोर काय, तर नुसतं करडं पाणी आणि उघडाबोडका काठ. पलीकडच्या बाजूने लोकांचं "अहाहा" ऐकू यायला लागलं. तेच, अगदी तेच. मनातल्या मनात मी त्या ट्रॅव्हलवाल्याला शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या.

तेवढ्यात जहाज हळूच फिरायला लागलं. करडं पाणी सरकलं, काठ सरकला आणि आमच्या कठड्यासमोर ती भिंत आली. निळी. बर्फ निळा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. भिंतीसोबत ऊनही आलं, थेट यांच्या डोळ्यांवर. हे डोळे बारीक करून पाहत होते.

माझ्या हातांनी मला विचारलं नाही. अंगावरची शाल काढली, दोन्ही टोकं धरून पसरली आणि यांच्यासमोर पडद्यासारखी उभी राहिले.

पाठीमागे तोफ उडावी तसा आवाज झाला. सगळं जहाज ओरडलं. मी वळून पाहिलं तोवर भिंतीचा तुकडा पाण्यात गेला होता आणि लाटा तेवढ्या उरल्या होत्या.

त्यानंतर बर्फ आणखी तुटला. यांनी तो ऊन खात, डोळ्यांतून पाणी गाळत, पोटभर पाहिला. पण त्याआधी, मी शाल धरून तशीच उभी असताना, त्यांनी माकडटोपी कानावरून वर केली आणि म्हणाले,

"सरक वं आता. त्या वक्ती बी पहाडाच्या अन् माह्या मधात तूच होती."