बारा वाजता थांबलेला वर्ग

२०१३ साली मी परदेशात, बुओना व्हिस्टा भागातल्या एका संशोधन कार्यालयात नोकरीला होते. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी पुराच्या अंदाजाचं सॉफ्टवेअर शिकवायला अमेरिकेहून एक बाई आल्या. साठीच्या, तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेल्या. वर्ग पाच दिवसांचा होता, पण पहिल्याच सकाळी त्यांनी वेळापत्रक बाजूला ठेवलं.

"सगळ्यात अवघड भाग आज आणि उद्या सकाळी घेऊ. दुपारनंतर मला कदाचित शिकवता येणार नाही."

चहाच्या सुट्टीत मी कारण विचारलं.

"आमचं सरकारी वर्ष आज संपतंय," त्या म्हणाल्या. "अंदाजपत्रक वेळेत मंजूर होत नाही, हे नेहमीचंच. मग एक तात्पुरता कायदा करतात आणि काही आठवडे जुन्याच तरतुदीवर गाडा हाकतात. या वेळी त्यावरच अडलंय. तिथली मध्यरात्र म्हणजे तुमचे उद्या दुपारचे बारा. तोवर मंजुरी आली नाही, तर माझं काम बंद."

मंगळवारी त्यांनी चहाचीही सुट्टी घेतली नाही. बाराला पाच मिनिटं असताना फोन पाहिला, मार्करला टोपण लावलं आणि तो माझ्या हातात दिला.

"काल सगळ्यात जास्त प्रश्न तुम्ही विचारलेत. पुढचं तुम्ही शिकवा."

आमच्या वर्गाचे खरोखरच बारा वाजले.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "मागच्या खुर्चीवर बसा की नुसत्या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," त्या हसून म्हणाल्या. "फुकटसुद्धा काम करायचं नाही, असा कायदा आहे." आणि पर्स उचलून निघाल्या.

त्या दुपारी वीस जणांपुढे मी शिकवायला उभी राहिले. नदीच्या मुखाशी भरतीचं पाणी पुराला कसं अडवतं, तिथे मी अडकले. "हे मला येत नाही, विचारून सांगते," असं सरळ सांगितलं आणि पुढे गेले.

त्यांना दुसऱ्याच दिवशी परतायचा आदेश आला होता. संध्याकाळी मी त्यांना बेडोकला माझ्या घरी जेवायला नेलं. थालीपीठ वाढता वाढता मी भरतीचा विषय काढलाच. त्यांनी हात वर केला.

"त्यापेक्षा हे कसं थापलंत, ते सांगा."

माझी नऊ वर्षांची लेक तिथल्या बोलीतलं 'लाह' जोडून म्हणाली, "आई, नो होमवर्क लाह! त्यांना हॉलिडे आहे."

मी त्यांना ते इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "सुट्टी आपण मागून घेतो. ही तशी नाही."

दोन आठवड्यांहून जास्त काळ त्यांच्याकडून एक ओळ आली नाही. अखेर तिकडे तात्पुरता कायदा झाला, तोही जानेवारीपर्यंतच पुरेल असा. दुसऱ्याच दिवशी त्यांची मेल आली. एवढंच विचारलं होतं, "कुठे अडलात?"

राहिलेले धडे त्यांनी व्हिडिओवर घेतले. आमची सकाळ, त्यांची रात्रीच्या जेवणाची वेळ. पुढची मुदत यायच्या आत सगळं संपवायचंच, असा त्यांचा हट्ट होता. भरतीचं गणित सोडवून झाल्यावर त्यांनी कबुली दिली, "घरी बसले होते तेव्हा तुमचा हा प्रश्न सारखा डोक्यात यायचा. त्यावर विचार करणं हे काम धरायचं की नाही, तेच मला ठरवता येईना."

मी हसले, पण त्या गंभीर होत्या. इतकी सरळ माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.