जावेसाठी कार्ड

आमच्या ओतूरच्या आळीतली ही बाई संक्रांत जवळ आली की माझं डोकं खाते. माझं अक्षर बरं, म्हणून तिच्या जावेसाठी भेटकार्ड मीच करायचं. जाऊ राहते भिंतीपलीकडे, पण दोघींचं बोलणं कधीचं बंद आहे.

यंदा जाड कागदावर ज्वारीचं कणीस आणि हरभऱ्याची घाटे लागलेली डहाळी मी दोऱ्यानं टाचली. ही समोर बसून उरलेला हरभरा सोलून खात होती आणि चुका काढत होती. मी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' लिहायला घेतलं, तर तिनं हात धरला.

"बोला कशाला, भाऊ? बोलणं बंद हाय न्हवं आमचं!"

कपाळाला हात लावून मी नुसतं 'तिळगूळ घ्या' लिहिलं. कार्ड झकास झालं होतं. तेवढ्यात तिनं हरभऱ्याची डहाळी ओढून काढली आणि कागद टरकन फाटला.

"आता काय झालं?" मी ओरडलोच.

"तिला हरभरा बाधतो. लई पोट दुखतं तिचं."

"अहो, पण कार्ड कोण खातं?"

"ती खाईल," तोंडातला घास चावत ती म्हणाली. "माझ्यावानीच हाय ती."