भरल्या गाडीचा ब्रेक

निघाले तेव्हा शेजारीण फाटकाशी येऊन उभी राहिली, काशीयात्रेला निघालेल्या माणसाकडे बघावं तशी. मी पुण्याहून फक्त मंचरपर्यंत चालले होते. पण चालले होते अरविंदच्या गाडीतून, एकटी, आणि अरविंद जाऊन वर्ष होत आलं होतं.

गाडी अमेरिकन, आमच्या लग्नाच्याही आधीची. रंग फिकट हिरवा, मागे माशासारखे दोन पर, आत सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा. कुणा परदेशी साहेबाने देश सोडताना ती विकली आणि अरविंदने घेतली. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पुढच्या वाहनाला मागे टाकायचं तर उजवीकडे बसणाऱ्याने रस्ता बघून सांगावं लागे. ते काम माझं. ‘रिकामं आहे, जा’ हे वाक्य मी संसारात जितक्या वेळा बोलले तितकं दुसरं कुठलंच बोलले नसेन. आता स्टिअरिंगवर मी होते आणि उजवीकडच्या सीटवर पाण्याची बाटली होती. त्यामुळे भोसरीपासून एका ट्रकच्या मागे लागले ती त्याच्याच मागे राहिले. दोन हजार तीनचा हिवाळा होता, नाशिक रस्ता अरुंदच होता, आणि ट्रकवाल्याला माझ्या अडचणीशी काही देणंघेणं नव्हतं.

खरी अडचण ब्रेकची होती. जुने ड्रमचे ब्रेक, त्यावर अरविंदसारखा दणकट माणूस जवळजवळ उभा राहायचा तेव्हा कुठे गाडी थांबायची. मी चणीने लहान, पाठीशी उशी घेऊन बसणारी. चाकणच्या पुढे दूधवाल्याची सायकल आडवी आली तेव्हा मी दोन्ही पाय पेडलवर रोवले. गाडी थांबली, पण सायकलच्या मागच्या चाकाला हात लावता येईल इतक्या जवळ. दूधवाल्याने वळून पाहिलं, एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे, आणि निघून गेला. टायरही जुन्या घडणीचे; रस्त्यात खाच आली की त्या खाचेच्या मर्जीने चालायचे.

माझ्या दिरांनी गाडीला गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. वरातीसाठी भाड्याने देणारा माणूस. ‘वहिनी, तुम्हाला ती आवरायची नाही,’ असं ते वर्षभर म्हणत होते आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, मंचरला एक मिस्त्री आहे असं ऐकलंय, तो ब्रेक आणि टायर बदलून देतो. माझ्या एकटीच्या पायाने गाडी थांबली तर राहील, नाही तर घेऊन जा.

मंचरला कांद्याचा वास गावाच्या आधी येतो. बाजार समितीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांतून वाट काढत गॅरेज गाठलं. दत्तू मिस्त्री पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका गृहस्थ. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसून पेडल दाबलं आणि म्हणाला, “मावशी, ह्यो ब्रेक न्हाई, ह्यो नवस हाय. पावला तर पावला.”

मग त्याने बेत सांगितला. पुढच्या चाकांना मोडीतल्या जीपचे डिस्क ब्रेक. पाय हलका पडावा म्हणून बूस्टर. चारी चाकांना नवे रेडियल टायर. आणि मागच्या चाकांना किती जोर सोडायचा ते ठरवायला एक पितळी व्हॉल्व्ह, नळाच्या तोटीसारखा, नट फिरवून कमीजास्त करायचा.

“दोन दिस लागत्याल. तुमच्या संगं कोन हाय?”

“कोणी नाही. मी लॉजवर राहीन.”

“लॉजवर कशापायी? बोरीला माझी भन हाय की.”

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्याने मला वडापमध्ये (माणसं कोंबून नेणारी जीप) बसवूनही दिलं होतं.

बोरी बुद्रुक हे कुकडीच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव. मिस्त्रीची बहीण कमल हिने मला बघून आधी माझ्या मागे पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. “एकल्याच?” तिने विचारलं. मी मान हलवली. जेवायला मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली बेसनाची वडी), झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी होती. मी दोन वड्यांवर थांबले तर कमल म्हणाली, “आसं चिमनीवानी खाताय व्हय? मानसं नसली घरात की भूक बी मरती बघा.” तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. मी तिसरी वडी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी गेले. मी शाळेत भूगोल शिकवत असे. इथल्या दरडीत पांढऱ्या राखेचा थर आहे, हजारो वर्षांपूर्वी सुमात्राच्या ज्वालामुखीतून उडून आलेला, हे वर्गात सांगितलं होतं. प्रत्यक्ष बघायचं राहूनच गेलं. ‘एकदा जाऊ’ असं अरविंद म्हणायचा. राख चिमटीत घेतली, पिठासारखी मऊ लागली. ‘हे बघ’ असं म्हणायला मी वळले. मागे उसाचा फड होता आणि दूर कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू होता. वर्षभरात मी पुष्कळांसमोर रडले होते, पण तिथे कोणीच नसताना आलेलं रडू निराळं होतं. बराच वेळ बसले, मग हात धुऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये परतले तेव्हा गाडी नव्या टायरवर बोटभर उंच दिसत होती. डिकीत कांद्याच्या गोण्या होत्या आणि सीटवर मिस्त्रीची आई, बायको आणि दोन शेजारी बसलेले होते.

“ही काय वरात?” मी विचारलं.

“ट्रायल हाय, मावशी. आमच्यात ब्रेक भरल्या गाडीवरच लावत्यात. रिकामी काय, कशी बी थांबती. भरल्याली थांबली पायजे.”

आणि थांबली. मी पाय नुसता ठेवला आणि एवढं धूड जागच्या जागी उभं राहिलं. मिस्त्रीच्या आईने बोटं मोडून गाडीची दृष्ट काढली. गोण्या उतरवल्या, माणसं मात्र उतरेनात. ब्रेकचं काम झालेली गाडी आधी ओझरला विघ्नहराच्या पायाशी न्यायची, मगच बाहेर काढायची, अशी त्या गॅरेजची रीत. मिस्त्री उजवीकडे बसला आणि ट्रकमागे आलो की सांगू लागला, “मोकळं हाय, मारा मावशी.” मी गाडी पुढे काढत होते. मागे बायकांच्या गप्पा, पुढ्यात नवा ब्रेक, आणि उजवीकडून कोणीतरी रस्ता सांगतंय. ओझरला चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फोडला, आणि परतीच्या वाटेवर नारायणगावात सगळ्यांनी मिसळ खाल्ली. इतकी खूश मी वर्षभरात झाले नव्हते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मंडळी मंचरला उतरली आणि मी पुण्याकडे निघाले. गाव सुटून थोडं पुढे आले असेन. बांधावरून एक शेळी रस्त्यात उतरली. मी ब्रेक दाबला, सकाळी दाबला होता तसाच. मागची चाकं जागीच घट्ट आवळली आणि गाडीची शेपूट उजवीकडून गरकन पुढे आली. काही कळायच्या आत गाडी पूर्ण फिरून रस्त्याच्या कडेला उभी होती, तोंड परत मंचरकडे. शेळी सुखरूप होती. पाठीशी असलेली उशी पायाशी पडली होती. मनात पहिला विचार आला तो हा, की दीर बरोबर होते.

गाडीचं तोंड होतं तिकडेच, बैलगाडीच्या चालीने, गेले.

मिस्त्रीने ऐकलं आणि गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. “चुकलं माजं. मागचा ब्रेक सहा मानसांचा लावला. मागं वजन न्हाई, मंग चाक धरून बसतंय आन् गाडी फिरती.” मग तो म्हणाला, “पर मावशी, एवढी मोठी गाडी, तिच्यात एकलं मानूस बसंल हे ध्येनातच आलं न्हाई बगा. आमच्यात एकल्यासाठी कोन गाडी काढतं?”

तो पान्हा घेऊन पुन्हा गाडीखाली सरकला आणि तिथूनच त्याने विचारलं, “तुमीच बसणार ना? का कवा कोन संगं आसंल? त्या हिशोबानं लावतो.”

वर्षभर सगळे मला विचारत होते, कशी आहेस, जेवतेस ना, झोप लागते का. हे कोणी विचारलं नव्हतं.

“मी एकटीच बसणार,” मी म्हणाले.

“मंग बसा जाग्यावर. तुमच्या वजनावर बगतो.”

मी बसले. तो नट फिरवायचा, बाहेर यायचा, मला चार हात पुढे जाऊन ब्रेक दाबायला सांगायचा, टायरची खूण वाकून बघायचा आणि परत खाली शिरायचा. मग हमरस्त्यावर नेलं. तो कडेला उभा राहिला, कारण त्याचंही वजन नको होतं. मी जोरात येऊन पाय ठेवला. गाडी सरळ रेषेत थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तशीच थांबली.

निघताना त्याने बजावलं, “आता मानसं भरू नका बरं का. भरली तर मागचा ब्रेक कमी पडंल, गाडी लांब जाऊन थांबंल. कोन बसणार आसंल तर आधी हिकडं या. दोन आट्याचं काम हाय.”

खेडचा घाट एका कांद्याच्या ट्रॉलीमागे उतरले. ‘जा’ म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून मागेच राहिले. ट्रॉली जिथे जिथे थांबली तिथे मीही थांबले, बेताने, अंतर राखून, एका पायाने. घरी पोहोचून दिरांना फोन केला आणि गाडी द्यायची नाही असं सांगितलं. ते म्हणाले, “जपून वहिनी.” मी हो म्हटलं.

त्या गाडीतून मी आता भाजीला जाते, बँकेत जाते, एकदा वाईलाही जाऊन आले. ब्रेक उत्तम आहे. माझ्याएवढ्याच ओझ्याचा आहे. पण निघण्याआधी मंचरला मीही त्या गाडीखाली वाकले होते, लुगड्याला ग्रीस लावून घेतलं होतं, आणि तो नट कुठला आणि कुठल्या बाजूला फिरवायचा हे मिस्त्रीकडून नीट समजून घेतलं होतं. पान्हा डिकीत ठेवलेला आहे.