गोबरगॅसला घातलेली खिचडी

आमच्याकडे सून भासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तो अंगणात आला की पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं. मग त्यांनी ते तिथेच उभ्या असलेल्या लेकाला सांगायचं. त्याला सगळं आधीच ऐकू आलेलं असतं, तरी तो थांबतो. लग्न झाल्यापासून हा खेळ मी निमूट खेळत आले. तो मोडला गोबरगॅसच्या खड्ड्यापायी, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

खड्ड्याची जागा घराची होती, पण गोबरगॅसचा हट्ट माझा. गावातले जुने गोबरगॅस कधीच मेले होते. कुणाच्या खड्ड्यात कोंबड्या, कुणाच्या टाकीत पाणी. जनावरं कमी झाली, शेण पुरेना, लोकांनी नाद सोडला. इकडे धान कापायला हार्वेस्टर आलं आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, पडून राहू लागली. मग काय, लावा आग. तिकडे धुरानं गावाचे डोळे चुरचुरायचे आणि इकडे मी सरपणासाठी वणवण फिरायची. ही कुठली अक्कल? जाळायचंच आहे तर माझ्या भांड्याखाली जाळा ना. लाखांदूरहून कुट्टीची मशीन आणवली. तणस बारीक कापायची, शेणकाल्यात भिजत घालायची, फुगली की खड्ड्यात सोडायची. पहिल्यांदा न कापता टाकली होती, तर ती वर तरंगून तिचा जाड थर बसला. बांबूनं ढवळून ढवळून खांदे भरून आले तेव्हा समजलं. पण शेगडीवर निळी आच आली त्या दिवशी मी नुसती तिच्याकडे बघत बसले होते.

भासऱ्यांना नेमकी तीच जागा ट्रॅक्टरच्या शेडसाठी हवी होती. दिवाळीच्या तोंडावर ते अंगणात आले आणि सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, मंडईले पाव्हणे येतीन. पुरा सैपाक त्या गॅसवर झाला त ठीक. नाही त मुरूम टाकून बुजवून टाकतो."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्या गावची जत्रा. दंडार, नाटक, आणि प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेलं.

"त्याहिले सांगा, होते म्हणाव," मी सासूबाईंना म्हटलं.

आणि मग गायगोधन आलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गाईबैलांना धुऊन, सजवून खिचडी खाऊ घालतात. मी गोठ्यात होते. तेवढ्यात सासूबाईंनी उरलेल्या खिचडीचं अख्खं पातेलं, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात, खड्ड्यात ओतलं. एवढ्यावर भागलं नाही. शेजारणींना बोलावलं, त्यांनीही आपापल्या घरची खिचडी आणून ओतली. वर हळदकुंकू वाहिलं.

"हे काय केलं, आई?"

"घरचं खाऊन राहिलं, घरचं काम करून राहिलं, त जनावरच झालं ना वो? त्यालेच काहून उपाशी ठेवाचं?"

मी चिडले आणि मला हसूही आलं. इतकी खिचडी खाल्ल्यावर माणसाचं जे होतं तेच खड्ड्याचं झालं. आंबट वास सुटला. आच पिवळी पडली, मिणमिणली, आणि मग काडी लावली तरी नुसतं फुस्स. मी खड्ड्याचं खाणं बंद केलं, आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घातली, शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण आणून कालवून सोडलं. रोज काडी ओढून बघायची आणि रोज तोंड पाडून परत यायची. मंडईच्या आदल्या दिवशी भासऱ्यांनी मुरमाची ट्रॉली खड्ड्याशेजारीच रिकामी केली. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना आता." मी म्हटलं, तुम्ही जा.

मंडईच्या सकाळी आच लागली. निळी होती, पण अशक्त. साकोलीकडचे पाहुणे बसमधून उतरले तेव्हा त्यांचा चहा तिच्यावर झाला. डाळ झाली, सगळ्यांचा भात झाला. मटणाचा गंज मात्र अर्ध्यात अडला, तो मी सगळ्यांसमोर उचलून अंगणातल्या चुलीवर नेला. लपवायचं काय त्यात?

पंगत उठल्यावर भासरे हात पुसत आले. "आई, तिले सांग. पुरा सैपाक झाला नाही. उद्या बुजवतो."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. ती खिचडी त्यांना आतून खात होती. ते पाहून माझं डोकंच फिरलं.

मी पदर मागे सारला. "भाऊजी, माझ्याशी बोला. तुम्ही दोनदा मागून घेतला तो भात याच गॅसवर शिजला. आजारी जनावराले कोणी मातीत पुरत नाही, त्याले बरं होऊ देतात. खड्डा बुजणार नाही. आणि यंदा तुमच्या बांधीतली तणस जाळू नका. ती मले पाहिजे."

भासऱ्यांनी मुरमाच्या ढिगाकडे पाहिलं. मग मान न वळवता म्हणाले, "आई, तिले सांग, धान निघाला की तणस घेऊन जा म्हणाव."

तो मुरूम आता खड्ड्याकडे जाणाऱ्या वाटेवर पसरलाय, पावसाळ्यात पाय रुतत नाहीत. भासरे अजूनही मला काही सांगायचं असलं की सासूबाईंनाच सांगतात. मी मात्र उत्तर सरळ त्यांना देते.