कोंबडीची पावती

माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही, आणि त्याचीच शिक्षा आम्ही आज भोगतोय. हे मी रागानं बोलतेय, मला माहीत आहे. दुसरं कसं बोलू?

पेठच्या डोंगरात आमची जमीन आहे. आमची म्हणजे कसतो आम्ही, कागदावर ती जंगल खात्याची. आजोबांपासून तिथं नागली आणि वरई होते. वनहक्काचा कायदा आला तेव्हा आम्हा आदिवासींना सांगितलं गेलं की पूर्वीपासून कसताय याचा पुरावा द्या आणि जमीन नावावर करून घ्या. पुरावा कसला, तर खात्यानं कधी अतिक्रमणाची केस केली असेल, दंड केला असेल, तर त्याची पावती. आता गंमत बघा. बांधापलीकडचा आमचा काका महाभांडखोर. नाकेदार, म्हणजे जंगलाचा गार्ड, आला की हा कोयता घेऊन उभा. त्याच्यावर केसवर केस झाल्या. सगळ्या पावत्या त्यानं पत्र्याच्या डब्यात जपल्या आणि त्याला जमीन मिळाली. माझे बाबा मात्र नाकेदार दिसला की "या साहेब, बसा" म्हणायचे. नागलीची लावणी आटोपली की एक कोंबडी पाय बांधून त्याच्या हातात द्यायचे. मग तो केस लिहायचा नाही. कोंबडीची पावती कोण देतं?

बाबा गेले आणि दावा आईच्या नावानं पुढे चालला. प्रांताच्या समितीनं तो फेटाळला, पुरावा अपुरा म्हणून. आम्ही जिल्ह्याला अपील केलं. हेही गेलं की संपलं, जमीन गेली, असं मी धरूनच चालले होते.

मी नाशकात एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. सुनावणीची तारीख लागली तसं माझं चित्त ठिकाणावर राहिना. गणिताची पुस्तकं मराठीच्या कपाटात जायला लागली. कायद्यात म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. पण आमच्या पाड्यावरच्या दोघांचे जबाब आधीच्या समितीनं बाजूला ठेवले होते, का तर ते नातेवाईक. अहो, पाड्यावर सगळेच नातेवाईक असतात. बाहेरचा माणूस मी कुठून पैदा करू? विचार करकरून डोकं पिकलं, तेव्हा एकदम आठवलं. तो नाकेदार रिटायर होऊन पंचवटीत राहतो, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत.

आईला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. हातातली पिशवी हलत होती.

"पिशवीत काय आहे?"

"कोंबडी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हिनंच आपला घात केला ना, आई?"

"रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात नाय," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

नाकेदारानं आईला लगेच ओळखलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ताई, मी सांगायचं की हे लोक कसत होते, मला दिसत होतं, आणि मी केस केली नाही? माझी पेन्शन चाललीय, ती सुखानं चालू द्या."

"कोंबडी खाताना पेन्शन आठवली नाही का?"

आईनं माझा दंड दाबला. तिचा आवाज चढला नाही. "साहेब, जमिनीचं राहू द्या. खाल्ली का नाय, एवढंच सांगा."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको उभी होती. बाई बागलाणातली, सटाण्याकडची. ती म्हणाली, "खाल्ली ना. मीच रांधायची. एका साली आली नाही, तर हे म्हणाले, औंदा तिकडं पाऊस लांबला, लावणी झालेली नाही."

मी आणि आई एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्या लावणीचा हिशेब या घरातल्या चुलीला ठाऊक होता.

"मी येसू सांगाले," बाई तिच्या अहिराणीत म्हणाली. मी येते सांगायला.

"तू गप बस गं," नाकेदार म्हणाला.

"तुमचं नाव नाही घेत. कोंबडीचं घेते." मग तिनं पिशवी उचलून आईच्या हातात परत दिली. "ही घेऊन जा, मावशी. आज ही खाल्ली तर माझ्या बोलण्याला काय किंमत राहील?"

ती कोंबडी सुनावणीपर्यंत माझ्या बाथरूममध्ये राहिली. शेजारणीनं टोमणे मारले ते निराळेच.

बाई खरंच सुनावणीला आली. समितीच्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला त्यांच्या जमिनीचं काय माहीत?"

"जमीन मी बघितली नाही. कोंबडी बघितली. यांची नागली लागली की ती आमच्याकडं यायची. आमची पोरं तिच्यावर मोठी झाली."

मागं कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं, बाईनं सही केली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की निकाल कळवू.

तो निकाल अजून आलेला नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मलाही कळतं, पण अनोळखी नंबरवरून फोन आला की हातातली पुस्तकं टाकून उचलते. आई म्हणते, लावणी तर करायचीच आहे, आणि गावी निघून जाते. तिचा मला हेवा वाटतो, रागही येतो.

सुनावणीच्या त्या दिवशी जबाब झाल्यावर मी तडक बाहेर आले, मोकळ्या हवेत. बाई रिक्षा बघायला गेली. मागं वळून बघते तर आई नाही. धावत आत गेले. ती क्लार्कच्या टेबलासमोर उभी होती.

"झालं मावशी तुमचं," क्लार्क म्हणत होता. "जा आता."

"पोच दे."

"कसली पोच? जबाब घेतला ना."

"घेतला म्हणून लिहून दे."

"याची पोच देत नाहीत, मावशी."

आईनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. पदर नीट केला.

"दे बाबा," ती म्हणाली. "या खेपेला मी कोंबडी नाय आणली."