टाकीची उजवी बाजू

कंडक्टरकाका मोटरसायकलची टाकी गोणपाटात गुंडाळून माझ्या स्टिकरच्या दुकानात आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. छिंदवाड्याच्या बसमध्ये त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली, त्यामुळे सौंसरमध्ये त्यांना ओळखत नाही असा माणूस नसेल. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत टाकीचे दोन मूळ स्टिकर होते, एक डावा, एक उजवा. मागचा कागद पिवळा पडलेला.

"गाडी माझ्या ड्रायव्हरची हाय," ते म्हणाले. "बावीस वर्षं एकाच बसवर होतो आम्ही. त्याले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलनंबी बंद झालं. गाडी त्यानं कवाचीच इकली होती. मी रामाकोन्याले जाऊन शोधून काढली, रंग मारून आणली. हे स्टिकर त्याच्या पेटीत भेटले. नवी गाडी घेतली तवाच एक जोड जास्तीचा घेऊन ठेवला होता त्यानं."

"बिघडले तर दुसरे मिळतील का, काका?"

"कुठून मिळतीन, माय? ती गाडीच बनत नाई आता."

लग्नाआधी चार वर्षं मी पुण्याकडे दुचाकीच्या कारखान्यात हेच काम केलं होतं. टाकीवर साचा ठेवायचा, स्टिकर टेकवायचा, रबरी पट्टीने दाबायचा, वरचा कागद ओढायचा. वाकडा लागला तर टाकी बाजूला जायची, सुपरवायझर ओरडायचा आणि तोवर दुसरी टाकी समोर आलेली असायची. इथे दुसरा जोड नव्हता.

नेहमी मी साबणाचं पाणी मारून स्टिकर लावते. पाण्यावर तो सरकवता येतो, चुकलं तर सुधारता येतं. पण या स्टिकरच्या कडेला ओलं बोट लावून पाहिलं, तर गोंद पांढरा पडून सुटायला लागला. म्हणजे कोरडाच लावावा लागणार होता. कोरडा स्टिकर जिथे टेकला तिथेच राहतो.

काका स्टुलावर बसले आणि पुढे वाकून पाहू लागले.

"काका, जरा मागे सरका. हात लावू नका कशाले."

"नाई लावत. मी तं श्वासबी नाई घेऊन राहिलो."

डावा स्टिकर लागला. हीट गनने गरम करत, टाकीच्या गोलाईवर ताणत, बोटभर बोटभर पुढे गेले. वरचा कागद निघाला तेव्हा माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरला होता. काकांनी टाळी वाजवायला हात उचलले, माझं तोंड पाहून खाली ठेवले.

मग उजवा घेतला. अर्धा चिकटला होता, उरलेला अर्धा माझ्या डाव्या हातात लोंबत होता, आणि लाइट गेली. हीट गन घरघरत बंद पडली. पंखा थांबला. गार झाला की तो जुना स्टिकर पापडासारखा कडक होत होता. बोटांखाली बारीक आवाज आला. पाहिलं तर कडेला केसाएवढी चीर पडलेली.

"काय झालं?" काका उभे राहिले.

"लाइट गेली. गरम ठेवला नाही तर तुटंल हा."

"मंग?"

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. दारासमोर उभ्या एका गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलची सीट हात लावू देत नव्हती.

"काका, टाकी उचला. अशीच. माझ्या बरोबरीनं चाला, झटका देऊ नका."

दोघं जण आडव्या पावलांनी दारातून बाहेर पडलो. त्यांच्या हातात टाकी, माझ्या हातात स्टिकरचं मोकळं टोक. टाकी सीटवर ठेवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि धूळ उठली. मी ओढणीचा आडोसा करायला एक हात सोडला, तसा स्टिकर वाऱ्याने उलटायला लागला.

"टोक धरा, काका! चिमटीत धरा!"

त्यांनी धरलं. चालत्या बसमध्ये, खड्ड्यांतून, एका वेळी एकच तिकीट सोडवणारी बोटं होती ती. अजिबात हलली नाहीत. उन्हाने टाकी तापली, स्टिकर मऊ पडला. मी पट्टी फिरवत गेले आणि ते इंचाइंचाने टोक सोडत गेले. शेवटचा कोपरा बसला तेव्हा त्यांची बोटं टाकीच्या पत्र्याने लाल झाली होती.

चीर दिसत नव्हती. पण फूटपट्टी लावली तर उजवा स्टिकर डाव्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली बसला होता. सांगावं की गप्प राहावं, एवढा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. मग सांगितलं.

काकांनी एकदा डावीकडून पाहिलं, एकदा फिरून उजवीकडून.

"दोन्ही बाजू एका वख्ती कोन पाहून राहिलं, बाई? बांध गोणपाटात."

आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा आले. दारातच उभे राहिले. चेहरा पाहून मला वाटलं, ड्रायव्हर गेले.

"गाडी त्याच्या दारात नेली," ते म्हणाले. "खुर्चीवर बसवला त्याले. डाव्या हातानं टाकी चाचपली त्यानं, लय वेळ. मंग समोरून पाहिलं. मान तिरपी केली अन् म्हणला, 'खाली.'"

"काय?"

"'खाली.' उजव्या स्टिकरकडे बोट करून. सहा महिन्यात पयला शब्द, बाई! त्याची बायको रडून राहिली, मी रडून राहिलो, अन् तो आमच्यावर चिडून पुन्हा म्हणते, 'खाली, खाली.'"

मला आधी शरमच वाटली. रविवारी दुकान बंद ठेवून मी काकांबरोबर ड्रायव्हरच्या घरी गेले. ड्रायव्हर ओसरीत बसले होते, समोर गाडी. काकांनी माझी ओळख करून दिली.

"मीच लावला," मी म्हणाले. "चुकला माझ्याकडून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओठ बराच वेळ हलत राहिले, शब्द काही निघेना. मग त्यांनी डाव्या हाताने शेजारची खुर्ची माझ्याकडे ढकलली.