लायन गौतमचा आवाज धाडच्या बाजारात फिरतो

जाऊ की नको यावर आठवडाभर डोकं खाल्लं आणि शेवटी बॅग भरली. भरणं भागच होतं, पोस्टर छापून झालं होतं ना! पुण्यात एका बंद पडलेल्या गॅरेजात मी रेगेच्या, म्हणजे त्या जमैकन संगीताच्या, मैफली भरवते. पुढच्या मैफलीचा मुख्य गायक होता बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडचा लायन गौतम. वऱ्हाडीत रेगे गाणारा हा एकच माणूस मला माहीत आहे. जमैकात डीजे म्हणजे ठेक्यावर बोलत-गात सुटणारा कलाकार, आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. हा पठ्ठ्या जयंतीच्या मिरवणुकीत त्या भिंतीपुढे उभा राहून थेट तिकडच्यासारखा सुटायचा. आता मोबाइलवरही त्याची नवी-नवी गाणी येत असतात.

एकच खटकत होतं. फोन केला की कोणी उचलायचं नाही. मग तासाभराने आवाजी निरोप यायचा, "हाव ताई... येतो." आवाज खर्जातला, घोटलेला. कधी एका वाक्यापुढे गाडी जायची नाही. कलाकार आहे, असेल लहरी, म्हटलं. पण तोंड बघितल्याशिवाय स्टेज कसा देणार?

पुण्याहून रेल्वेने सकाळी मलकापूरला उतरले. स्टेशनबाहेर गरम कचोरी मिळते, ती सोडू नका, मात्र चहा दुसऱ्या टपरीवर घ्या. बाजारपेठेत स्पीकर दुरुस्तीच्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदार सलीमचाचा खुलले. "लायन? अरे, या गल्लीतल्या प्रत्येक डीजेवाल्याले त्याच्या आवाजात आपलं नाव पायजे होतं. 'आला रे आला' म्हणून नाव घ्यायचा, मंगच गाडी हालायची. हजारो नावं बोलला असंन तो."

"अन् आता?"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "गाणे तं येऊन राह्यले. मानूस नाई दिसला बहुत दिवसांत." पुढे काही विचारलं तर म्हणाले, "तुमी जाऊनच या." मला ते मुळीच आवडलं नाही.

मलकापूर ते बुलढाणा एसटी. बायकांना अर्धं तिकीट, शिवाय घाटात खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं. बुलढाण्यात वांग्याचं भरीत-भाकरी हाणली, तिखट खाणाऱ्यांनीही जरा जपून. पुढे धाडला जीप. ड्रायव्हर जीप भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटीच बघा.

धाडला आठवडी बाजार होता. मिरच्या, मेथी, बैलांच्या झुली, रणरणतं ऊन. आणि गर्दीवरून अचानक तोच आवाज! रिक्षावरच्या भोंग्यातून लायन गौतम रेगेच्या ठेक्यावर बांगड्या विकत होता. "हाव ताई... येतो नवा माल!" मी जागच्या जागी थबकले. मोबाइल काढून कानाला लावला, जुना निरोप ऐकला. "हाव ताई" नंतरचा श्वास तोच. त्यातली बारीक खाकर तीच. एकच माणूस एक शब्द दोनदा बोलला तरी खाकर तंतोतंत तीच कशी येईल?

बांगडीवालीला घर विचारलं. तिने बोट दाखवलं नि म्हणाली, "जा, पन त्याईले जास्त बोलू नका."

पत्र्याचं घर, बाहेर ओटा. ओट्यावर एक उंच माणूस लाकडी पेटीवर बसलेला, गळ्याला पांढरं फडकं. कुठून तरी बारीक शिट्टी वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. तो त्याचा श्वास होता, फडक्यामागून येणारा. मी नमस्कार केला. त्याने ओठ हलवले. आणि त्याच क्षणी घराच्या आतून भरदार आवाज आला, "या ताई... बसा."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, लाज कसली.

आतून त्याची बायको वैशालीताई धावत आली. मागे टेबलावर जुना कॉम्प्युटर चालू होता. "घाबरू नका वो. मीच लावलं, पाहुन्यांले बरं वाटते म्हनून." कॅन्सरमध्ये गौतमची स्वरपेटी काढावी लागली होती. सगळ्या डीजेवाल्यांसाठी बोललेली नावं, हाका, घोषणा तिने जपून ठेवल्या होत्या. त्यांतला एकेक शब्द कापायचा, जोडायचा, ठेक्यावर बसवायचा, की नवं गाणं तयार. जाहिरातीही तशाच, आणि मला आलेले निरोपही तसेच.

"मग पुण्याला येतो म्हणून कोणी सांगितलं?"

तिने कॉम्प्युटर बंद केला. गौतम उठून उभा राहिला. पोस्टरचं, मैफलीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं! त्याने बायकोकडे असं बघितलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो ओट्यावरून उतरला आणि बाजाराच्या दिशेने चालू लागला. तिकडे भोंगा अजून त्याच्याच आवाजात ओरडत होता.

"त्याईचं नाव लोकाईनं इसरू नये, बस," वैशालीताई पदराने डोळे पुसत म्हणाली. "घरात बोलत नाईत, बाजारात तरी बोलतात."

मला तिचा राग आला होता आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. एवढंच म्हणाले, "ताई, होकार त्यांचा हवा. त्यांच्या आवाजातला नको, त्यांचा." गौतम परतेपर्यंत थांबायचं होतं, पण शेवटची जीप सुटणार होती.

पुण्यात आल्यावर ती गाणी मी मोबाइलवरून पुसून टाकली. एकटीने ऐकवेनात. पोस्टर उतरवायला गॅरेजवर गेले आणि तिथेच निरोप आला, धाडहून. उघडायची छाती होईना. बऱ्याच वेळाने उघडला.

आधी नुसती ती शिट्टी. श्वास आत, श्वास बाहेर. मग लाकडी पेटीवर हाताची थाप, पण जिथे पडेल असं वाटतं तिथे नाही, त्याच्यापुढच्या रिकाम्या जागेत. पुन्हा तशीच. अस्सल रेगे. थाप वाढत गेली, शिट्टी तिच्या मापात चालू लागली आणि मागून वैशालीताईचा स्वतःचा, थरथरता आवाज आला, "हाव म्हनून राह्यले, ताई. या खेपेला मी काईच जोडलं नाई, तेच म्हनून राह्यले."

पोस्टर तसंच ठेवलंय. माईक मात्र खाली उतरवलाय, त्याच्या पेटीच्या उंचीला.